मांडणशिल्पातील क्रीडावृत्ती

दिवाळीच्या सुमारास हडपसरमध्ये, पुण्याच्या इतर भागांप्रमाणेच, मुले अंगणात मातीचे किल्ले उभारतात. दगड, विटा व गोणपाट यांवर चिखल लिंपून डोंगर रचला जातो, त्यावर हळीव वा मोहरी पेरली जाते आणि बुरुजांवर मावळे मांडले जातात. सण सरला की किल्ला मोडतो. या खेळास कोणी कला म्हणत नाही. तथापि परिचित वस्तूंची योजना आणि स्थळाशी असलेले नाते ही मांडणशिल्पाची दोन प्रमुख लक्षणे त्यात स्पष्ट दिसतात.

कलेतील या वृत्तीचा इतिहासही खेळाशी निगडित आहे. मार्सेल द्युशां यांनी १९१३ साली सायकलचे चाक स्वयंपाकघरातील स्टुलावर उलटे बसविले. ते फिरताना पाहण्यात त्यांना मौज वाटे. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात सुदर्शन शेट्टी यांनी २०१२ साली दुमजली बसला पोलादी पंख लावले. रोजच्या प्रवासाचे जड वाहन उड्डाणास सिद्ध झालेले पाहून प्रथम हसू येते, आणि मग ते जागचे हलत नाही हे ध्यानात येते.

येथे प्रेक्षक केवळ पाहतो. मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांच्या ‘थ्रेट’ (२००८-०९) या कृतीत मात्र त्यास हात पुढे करावा लागतो. साबणाच्या वड्या विटांप्रमाणे रचून भिंत उभारलेली असते. प्रत्येक वडीवर ‘धोका’ या अर्थाचा इंग्रजी शब्द कोरलेला असतो. वडी घरी नेण्याची प्रेक्षकास मुभा आहे. ती वापरली की शब्द झिजतो, आणि वड्या जातील तसतशी भिंतही ओसरते. भयाचे विसर्जन अशा रीतीने प्रेक्षकाच्या नित्य व्यवहारावर सोपविलेले आहे.

यावरून एक कसोटी हाती येते. प्रेक्षकाची कृती वगळली असता अर्थ अबाधित राहत असेल, तर तेथील खेळ ही केवळ सजावट होय. ही कसोटी मान्य केल्यास संशोधनाची पद्धतीही बदलावी लागते. काचेच्या कपाटात जपलेली साबणाची वडी हा कृतीचा अवशेष होय, कृती नव्हे. म्हणून अभ्यासकाने वस्तूच्या मोजमापाबरोबरच प्रेक्षक थबकला कोठे, त्याने काय उचलले, काय परत ठेवले, याचीही नोंद करणे अगत्याचे आहे. मोडलेल्या किल्ल्याची हकीकत त्याच्या मातीवरून कळत नाही. ती मुलांनाच विचारावी लागते.