धरायचा आणि सोडायचा

गरवायला बसायचं आणि लागलेला मासा परत पाण्यात सोडायचा, हे ऐकून कोकणातला माणूस हसेल. पण बहामातल्या अँड्रॉस या सर्वांत मोठ्या बेटावर लोक दूरदूरहून त्यासाठीच येतात, किनाऱ्यावरच्या लॉजमध्ये राहतात. तिथले गुडघाभर पाण्याचे वाळूचे पट्टे म्हणजे ‘बोनफिश’ या चंदेरी माशाचं कुरण. भरतीबरोबर तो खेकडे, कोळंबी शोधत येतो.

आपल्या गळाला शिसं बांधतात. त्याच्या वजनानं दोरी लांब जाते. इथे गळावर नुसती पिसं-केस गुंडाळलेले असतात. हीच ‘फ्लाय’. ती हलकी, म्हणून वजन दोरीतच असतं. वाटाड्या मासा दाखवतो; तो बिचकायच्या आत फ्लाय त्याच्यापुढे अलगद उतरवायची.

मात्र सोडला म्हणजे मासा वाचलाच, असं नाही. दमलेला, पाण्याबाहेर फार वेळ धरलेला मासा तोल जाऊन शार्क किंवा बॅराकुडाच्या तोंडी पडतो. म्हणून हात ओले करावेत, मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा, फोटोचा मोह आवरावा. बहामात बोनफिश विकायला कायद्यानं बंदी आहे. जिवंत मासा पुन्हा चरायला येतो, आणि त्याच्यावरच वाटाड्याची चूल पेटते.