पास एस.टी.चा असतो, रिक्षाचा नसतो

“बसस्थानक गावाबाहेर न्या, कोंडी आपोआप सुटेल.” शिरूर अनंतपाळात जागेचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. आता ते ऐकून राग येतो, कारण बोलणाऱ्याला सहसा एस.टी.नं जायचंच नसतं.

साधा हिशेब मांडू. स्थानक बाहेर गेलं तरी तहसील, दवाखाना, कॉलेज आणि बाजार गावातच राहतात. दोन किलोमीटरवर बसमधून पन्नास माणसं उतरली, तर अर्धा तास पायपीट किंवा रिक्षा. एका रिक्षात तिघं धरले तरी सतरा रिक्षा लागल्या. एका बसच्या जागी सतरा रिक्षा आल्यावर कोंडी कमी कशी होणार?

साकोळहून बारावीची मुलगी येते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलती स्थानकाच्या दारात संपतात. वाचलेले पैसे पुढं रिक्षावाल्याच्या हातात जातात.

पुण्याचा अनुभव समोर आहे. मेट्रोच्या कामासाठी २०१९च्या अखेरीस शिवाजीनगरचं स्थानक वाकडेवाडीला हललं, तेही तात्पुरतं म्हणून. १ ऑगस्ट २०२३ला शिवाजीनगरची मेट्रो धावू लागली, तेव्हाही एस.टी. वाकडेवाडीहूनच सुटत होती.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. खासगी प्रवासी वाहनांना स्थानकापासून २०० मीटरच्या आत मनाई आहे. हे अंतर स्थानकापासून मोजतात. स्थानक हललं की जुना चौक काळीपिवळीला मोकळा.

आता बाकीचे गैरसमज.

“नवी इमारत झाली की गाड्या वाढतील.” गाड्या, चालक, वाहक आगार देतं. लातूर विभागात ती आगारं लातूर, औसा, निलंगा, उदगीर आणि अहमदपूरला आहेत.

“स्थानक आणि आगार एकाच जागी हवं.” डिझेल, दुरुस्ती, मुक्कामाच्या गाड्या यांना मोठी जागा लागते, ती बाहेर चालते. प्रवाशाला बाहेर चालत नाही.

“जागा फुकट मिळतेय, घेऊन टाका.” आडवाटेच्या जागेसाठी प्रत्येक फेरीला जादा डिझेल जळतं, तेही कायमचं.

जागा ठरवण्याआधी एका बाजाराच्या दिवशी उतरणारी माणसं कुठं जातात, ते मोजा. दप्तर पाठीवर घेतलेली मुलगी तिथून दहा मिनिटांत चालत कॉलेजात पोचत असेल, तर जागा बरोबर आहे.