खिळ्याभोवतीचा काळा

बाभळीच्या जुन्या दारात जिथं लोखंडी खिळा शिरलेला असतो, तिथं पावसाळ्यानंतर निळसर काळा डाग पसरलेला दिसतो. तो गंज नव्हे, गंज तांबूस असतो. हा डाग फडक्यानं पुसला जात नाही आणि वरवर घासूनही निघत नाही, कारण तो लाकडाच्या आत उतरलेला असतो. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. याच टॅनिनमुळे तिची साल कातडी कमावायला वापरतात. ओल मिळाली की लोखंड थोडं थोडं विरघळतं, टॅनिनशी संयोग पावतं आणि काळं होतं. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाईही याच संयोगातून बनायची.

युरोप-अमेरिकेत सुतार रंगकामाचे धडे ओकवरही गिरवतो. ओकमध्येही टॅनिन मुबलक असतं. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकली यांच्या कारखान्यात याच टॅनिनच्या जोरावर ओकचं फर्निचर बंद जागेत अमोनियाच्या वाफेत ठेवून गडद तपकिरी करत. मराठवाड्यात ओक नाही. चांगलं सागवान घ्यायचं तर किनवट-माहूरच्या जंगलाकडे बोट दाखवलं जातं आणि त्याचा भाव नवशिक्यानं ऐकू नये असा असतो. बाभूळ मात्र बांधावर उभी असते.

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा लोकांना माहीत आहे ते यादवकालीन मंदिरांमुळे. अभ्यासक येतात, दगडावरची नक्षी पाहतात आणि परततात. गावात लाकडाचं कामही चालतं, तिकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. मी तिथल्या एका सुताराकडे बाभळीचा चौरंग करायला बसलो. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणू लागलो. बाभळीला रंग देऊन पॉलिश करायचं आहे म्हटल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला. ‘‘बाभळीला पालिश? काहून?’’

प्रश्न रास्त होता. या भागात बाभूळ म्हणजे औत, वखर, तिफण, गाडीचं चाक. तिला रंग कुणी देत नसे. रुमण्याची मूठ वर्षानुवर्षं हातात राहून जी गुळगुळीत होई, तेच तिचं पॉलिश. लाकूड जड, चिवट, गाभा लालसर तपकिरी आणि भोवतीचा थर फिका पिवळट. माझ्या फळीत दोन्ही रंग शेजारी शेजारी होते.

घासण्यात बहुतेक वेळ जातो आणि जायलाच हवा. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०, शेवटी २२०. हात चालवायचा तो लाकडाच्या रेषेनं. आडवा ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, पण रंग लागताच उठून दिसतो. मामा फळी उजेडात तिरकी धरून पाहायचे आणि न बोलता परत माझ्या हातात द्यायचे. फळीची कापलेली टोकं जास्त पाणी पितात, म्हणजे रंगही जास्त पितात, म्हणून ती आणखी बारीक घासायची. नंतर ओल्या फडक्यानं सगळा चौरंग पुसायचा. दबलेले तंतू उभे राहतात, हाताला खरखर लागते. वाळल्यावर २२० नंबरचा पेपर हलकेच फिरवला की पुढे पाण्याचा रंग लावताना ती खरखर फारशी उठत नाही.

दुकानात ‘टीक’, ‘वॉलनट’, ‘रोझवुड’ अशा नावांचे तयार रंग मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत बारीक रंगकण असतात. ते लाकडाच्या छिद्रांत आणि ओरखड्यांत जाऊन बसतात. सागवानात वर्षवलयाच्या एका कडेला मोठी छिद्रं ओळीनं असतात, ओकमध्येही तशीच, त्यामुळे या दोन्ही लाकडांवर असे रंग रेषा छान उठवतात. बाभळीची छिद्रं तशी ओळीत नसतात. तिचं बळ टॅनिनमध्ये आहे, म्हणून मी डबा घेतला नाही.

काचेच्या बरणीत पांढरं व्हिनेगर ओतलं, त्यात भांडी घासायचा लोखंडी काथ्या सोडला. स्टीलचा चालत नाही, कारण तो गंजत नाही. झाकण सैल ठेवायचं, कारण आत हायड्रोजन तयार होतो. काही दिवसांत लोखंड विरलं, मग ते पाणी फडक्यातून गाळून घेतलं. कलमकारीचे कारागीर हेच काम लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात मुरवून करतात आणि ते पाणी हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लावून काळा रंग मिळवतात.

ब्रशनं लावताना ते पाणी जेमतेम पिवळट दिसत होतं. ‘‘लागलं का नाही?’’ मामांनी विचारलं. मिनिटभरात गाभा करडा झाला, मग निळसर, मग काळा. फिका थर मात्र राखाडीवरच अडकला, कारण तिथं टॅनिन कमी. त्यावर तोडगा कलमकारीतलाच: हिरड्याची पूड पाण्यात उकळून, गाळून ते पाणी फिक्या भागाला पाजलं, वाळू दिलं आणि वर पुन्हा लोखंडाचं पाणी दिलं. दोन्ही भाग बऱ्यापैकी जुळले. मामांनी नखानं खरवडून पाहिलं. ‘‘आत गेलाय,’’ म्हणाले.

वाळल्यावर ही काळी फळी निर्जीव, खडूसारखी दिसते. तिला तजेला येतो तो वरच्या हातामुळे, आणि इथं दोन वाटा आहेत. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याची देणगी. लिटरभर स्पिरिटमध्ये साधारण दीडशे ग्रॅम विरघळवून मलमलच्या गादीनं पातळ पातळ हात द्यायचे. चकाकी लवकर येते. पण गरम कप ठेवला की पांढरी कडी उमटते आणि दमट दिवसांत लावलं तर पॉलिश धुरकट होतं. दुसरी वाट बेलतेलाची, म्हणजे तयार केलेल्या जवसाच्या तेलाची. ते चोळायचं, पाव तासानं उरलेलं पुसून काढायचं आणि वाळायला पुरता दिवस द्यायचा. चकाकी मंद, पण काळा रंग खोल होतो आणि पुढे कधीही घरीच पुन्हा हात देता येतो. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते मोकळ्या जागी पसरून वाळवायचे.

चौरंगावर तांब्या ठेवला जाणार, पाणी सांडणार, म्हणून मी तेल निवडलं. देव्हाऱ्यात राहणारा असता तर चपडा दिला असता. पहिल्यांदा हे करू पाहणाऱ्यानं फळी कापताना उरलेला तुकडा जपून ठेवावा. त्यावर घासण्यापासून शेवटच्या तेलापर्यंत सगळं आधी करून पाहावं, कारण दुसऱ्या बाभळीचा तुकडा दुसराच काळा देतो.