ईदनंतरची शिलाई

पंधरावा रोजा उलटला की बाजारातल्या कितीतरी टेलरच्या दुकानांत ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते. चाँदरातीपर्यंत मशीनला उसंत नसते. मग ईद होते आणि तेच मशीन गप्प बसतं. हातात कसब आहे, समोर काम नाही, अशा दिवसांत एकट्या माणसाने सुरू करावा असा एक धंदा म्हणजे सायकलच्या पिशव्या शिवणं. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण यातून मोठी नावं उभी राहिली आहेत.

इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या नेल्सन या कापड गिरण्यांच्या गावात विल्फ कॅराडाइस यांनी स्वतःच्या सायकलसाठी पिशवी शिवली. मित्रांनी मागितली, त्यांनाही दिली. 1932 पासून तो धंदाच झाला. कापड जाड सुती कॅनव्हास. त्याचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतली छिद्रं आपोआप बुजतात.

जर्मनीच्या हार्टमुट ऑर्टलीब यांची गोष्ट पावसातली. इंग्लंडमध्ये सायकलवर फिरताना सामान भिजलं; शेजारून गेलेल्या ट्रकमधला माल मात्र ताडपत्रीखाली कोरडा. घरी येऊन त्यांनी आईच्या शिलाई मशीनवर ट्रकच्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या आणि 1982 मध्ये कंपनी काढली. पण सुई टोचते तिथूनच पाणी शिरतं. म्हणून पुढे त्यांनी शिलाई सोडून ताडपत्री वितळवून जोडण्याचं तंत्र आणलं.

एकट्या कारागिराला ते यंत्र कुठलं परवडायला! त्याने झाकण मोठं ठेवावं आणि शिवण पाणी साचणार नाही अशा जागी घ्यावी. सदरा शिवणाऱ्या हाताला इथे थोडं नव्याने शिकावं लागतं. कॅनव्हासला सुई 18 नंबरची हवी आणि दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा ओलाव्याने कुजतो. पट्टा जोडताना चौकोन शिवून त्यात फुली मारायची, म्हणजे ओझ्याने उसवत नाही. मागच्या चाकाशेजारच्या पिशवीचा पुढचा कोपरा तिरका कापायचा, नाहीतर पायडल मारताना टाच आपटते. हे कागदावर कळत नाही, चालवूनच कळतं.

खरी अडचण भावाची. गिऱ्हाईक कापड आणि बकलचे पैसे मोजतं, कापणीचे तास मोजत नाही. समजा, एका पिशवीला सहा तास लागले, तर दिवसाला एकच होते आणि महिन्याला 25-26. घरखर्च, दोरा, वीज, उसवलेलं फुकट शिवून देणं, सगळं एवढ्यातून निघायला हवं. कारखान्यातून आलेल्या पिशवीच्या भावाशी बरोबरी करायला गेलेला एकटा माणूस पहिल्याच वर्षी थकतो. त्याच्याकडे विकायला असतं ते वेगळंच: पेपरवाल्याच्या हँडलला बसेल असं माप, पोस्टमनला हवा तसा कप्पा, दोन वर्षांनी उसवली तर दुरुस्त करणारा ओळखीचा माणूस. त्याचे पैसे त्याने न लाजता मागावेत.

कॅराडाइसच्या पिशव्या आज ठिकठिकाणी विकल्या जातात. आतल्या लेबलवर शिवणाऱ्याचं नाव अजूनही हाताने लिहिलेलं असतं.