नोकरी, घर आणि फुरसत

मनुष्याच्या वाट्यास दिवसाचे चोवीसच तास येतात, हे लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. त्यांपैकी किती तास पोटासाठी द्यावेत, किती घरच्या माणसांस द्यावेत आणि किती स्वतःसाठी राखावेत, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. याविषयी उपदेश पुष्कळ होतो. पहाटे उठावे, वेळापत्रक करावे, आळस झटकावा, म्हणजे सर्व काही साधते, असे सांगणारी पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात. आम्हांस हा उपदेश अपुरा वाटतो. ज्याच्या कामाची वेळ कारखान्याचा भोंगा ठरवितो, त्याने पहाटे उठण्याचा संकल्प करून काय साधावे? तो बिचारा उठलेलाच असतो! आठ तासांचे काम आणि आठवड्याची सुटी या गोष्टी कोणा एकाच्या टापटिपीतून आलेल्या नाहीत. त्या पुष्कळांनी मिळून मागितल्या, तेव्हा मिळाल्या. त्या कशा मिळाल्या आणि कोणास मिळाल्याच नाहीत, हे आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या घरच्या मंडळींनी जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

कारखाने येण्यापूर्वी आपल्या या प्रदेशात काम आणि संसार यांच्यामध्ये भिंत नव्हती. वारली, कोकणा, धोडिया यांच्या घरी भातलावणीच्या दिवसांत सारे घर चिखलात उतरे. तान्हे मूल जवळच झोळीत झोपे. झोडणी उरकली, धान्य घरात आले, की नाचगाणी आणि लग्नकार्ये निघत. कष्ट थोडे होते असे मुळीच नाही. पण त्या कष्टांची लय पाऊस ठरवी, घड्याळ नव्हे. विसाव्याचा दिवसही रूढीनेच ठरलेला असे. कोकणात कित्येक गावी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. बैलास सुटी म्हणजे ओघानेच धन्यास सुटी!

१९५४ साली दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाली आणि पुढे १९६५ साली पिपरिया येथे पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. मागाहून मसाट, खडोली येथेही कारखाने आले. आज सिल्वाशातील बहुतेक घरांचा या ना त्या रूपाने कारखान्याशी संबंध येतो. परंतु पाळी, खाडा, हप्त्याची सुटी हे जे शब्द आपण रोज ऐकतो, ते येथे घडलेले नाहीत. ते आले मुंबईच्या गिरणगावातून. म्हणून त्यांची कथा मुंबईतच शोधावी लागते.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडाच्या गिरणीची स्थापना केली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. पाहता पाहता गिरण्यांची संख्या वाढली. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा सूर्य उगवला की यंत्र सुरू होई आणि मावळला की थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. ते तेरा तासांवर जाई. रविवारी सूत निघत नसले तरी यंत्रांची सफाई करण्यास कामगारांस यावेच लागे. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. आमच्या पाचवी-सहावीतील विद्यार्थ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. नऊ तास, आणि ही त्या काळची सुधारणा! मोठ्या माणसांच्या तासांविषयी तर कायदा अवाक्षरही बोलला नाही.

या स्थितीत नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' पत्र चालविले. स्वतः गिरणीत कोठारावर काम केलेले असल्यामुळे कामगारांचे हाल त्यांस ऐकीव नव्हते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५५०० सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. त्यातील मागण्या पाहण्याजोग्या आहेत: रविवारी पूर्ण सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ती संपावे, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी. यांपैकी पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. पोटास पुरेसे मिळत नसतानाही त्या माणसांनी सर्वांत आधी वेळ मागितला.

रविवारच का, असा प्रश्न तेव्हाही निघाला. रविवार हा साहेबांचा देवपूजेचा वार, त्याच्याशी हिंदू कामगारांचा काय संबंध? याला लोखंड्यांनी दिलेले उत्तर महाराष्ट्रात कौतुकाने सांगितले जाते. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो आमचाही आहे, असे ते म्हणत. (आम्ही कोकणी घरात वाढलेले. आमच्या बोलीत या वारास 'आयतार' म्हणतात. तो शब्द आदित्यवारापासून आला. सूर्याचा वार सर्वांचाच!) २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामकरी स्त्रियांनी भाषणे केली. त्या काळी हे धैर्य लहान नव्हे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने तिला सरकारी आधार मिळाला. स्त्रियांचे काम अकरा तासांवर व मुलांचे सात तासांवर आले. मुलांचे किमान वय नऊ झाले. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत वारले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

सुटी मिळाली तरी दिवस लांबच राहिला, किंबहुना तो अधिकच लांबला. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. मग कायद्याला पायरी पायरीने खाली उतरावे लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम दिवसाला १२ तासांवर आणले. १९२२ साली ११ तास व आठवड्यास ६० तास ठरले. १९३४ साली बारमाही कारखान्यांत १० व ५४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना हे ५४ तास ४८ वर आणण्याचे विधेयक आले आणि १९४६ साली तो पालट झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने तोच नियम कायम केला. बारा तासांवरून आठापर्यंत येण्यास पस्तीस वर्षे लागली. जगातही हेच चालले होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी पाथरवटांनी १८५६ सालीच आठ तासांचा दिवस मिळविला होता, आणि १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपला पहिलाच करार या विषयावर केला. आठ तास कामाचे, आठ झोपेचे आणि आठ आपले, असा तो हिशेब.

या तिसऱ्या आठ तासांचे गिरणगावाने काय केले? भजनी मंडळे चालविली, तालमी घातल्या, गणेशोत्सवात नाटके बसविली, रात्रशाळा भरविल्या. गंगाराम सुर्वे व काशीबाई या गिरणी कामगार दांपत्याने रस्त्यावर सापडलेले एक मूल वाढविले आणि तो मुलगा पुढे कवी नारायण सुर्वे झाला. फुरसत म्हणजे रिकामपण, असे ज्यांस वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. कोकण-घाटावरून आलेले बहुसंख्य कामगार बायकामुले गावी ठेवून एका गाळ्यात दहा-पंधरा जण राहत आणि खाणावळीत जेवत. ही खाणावळ म्हणजे बहुधा एखाद्या कामगाराच्याच घरातील चूल असे. गिरणी तीन पाळ्यांत चाले. कामगार आठ तासांनी सुटे. पण पहिल्या पाळीचा डबा, दुसऱ्या पाळीचे जेवण आणि तिसऱ्या पाळीहून परतणाऱ्याची न्याहारी, हे सर्व एकच बाई रांधी. तीन पाळ्यांची गिरणी तिच्या एका पाळीवर उभी होती, आणि ती पाळी कधी सुटतच नसे! कायद्याने तिचे तास मोजले नाहीत, कारण ती 'घरीच' होती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या स्त्रियांचे अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे या कामास काम म्हणण्याची सुरुवात झाली. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या व गोवा मुक्तिलढ्यातील सैनिक होत, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी सोसून घ्यावा.

हा प्रकार केवळ गिरणगावचा नव्हे. भारत सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरकाम करतात, त्यांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असे आढळले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटे. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, तर पुरुषाचा दीड तासही नव्हे; आणि जे पुरुष घरकामाला हातच लावीत नाहीत, ते तर या सरासरीत आलेलेच नाहीत. यात मुलांचे व आजाऱ्यांचे करण्याचा वेळ वेगळा. जी माता दिवसभर नोकरी करते, तिला हे तास कोण माफ करतो?

आता आपल्या सिल्वाशाकडे वळू. येथे पॉलिएस्टर सुताचे पुष्कळ कारखाने आहेत. असे यंत्र एकदा थांबले की धागा तुटतो, माल वाया जातो. म्हणून ते रात्रंदिवस चालते. यंत्र थांबत नाही, तेव्हा माणसांनाच पाळीपाळीने थांबावे लागते, आणि सुटीही सर्वांस एकाच दिवशी देता येत नाही. वडिलांची सुटी बुधवारी, आईची शुक्रवारी आणि मुलांची रविवारी, अशी घरे आमच्या शाळेच्या परिसरात आहेत. प्रत्येकास सुटी आहे. घराला मात्र सुटी नाही. रात्रपाळी करून वडील सकाळी निजतात आणि एकाच खोलीत मुलांस कुजबुजत अभ्यास करावा लागतो. खानदेशातून किंवा त्याहूनही दुरून आलेल्या घरांत मूल सांभाळण्यास आजीही जवळ नसते.

दिवसाचे काम बारा तासांचे करावे व आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसच ठेवावेत, अशी चर्चा अलीकडे ठिकठिकाणी चालते. गणिताच्या दृष्टीने चार वेळा बारा आणि सहा वेळा आठ सारखेच. घराच्या दृष्टीने नाही. बारा तासांची पाळी, त्यात जाण्यायेण्याचा तास; म्हणजे सकाळी सातास गेलेले माणूस रात्री आठास येते. लहान मूल त्या चार दिवशी त्याला झोपेतच पाहते. उरलेल्या तीन दिवसांच्या सुटीत ती भेट भरून निघते असे ज्यांस वाटते, त्यांनी एखाद्या पहिलीतल्या मुलास विचारून पाहावे. त्याला 'उद्या'चे सांत्वन कळत नाही.

पाळणाघराचीही गोष्ट अशीच. १९४८ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया जेथे कामास असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही संख्या तीसवर आली. दोन्ही वेळा मोजणी फक्त स्त्रियांची होती, जणू मूल आईचेच! २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा पन्नास कर्मचारी मोजताना स्त्री-पुरुष हा भेद उरला नाही. आमच्या मते, २६ आठवड्यांच्या रजेइतकीच ही दुरुस्ती महत्त्वाची होती. तिची वाच्यता मात्र फार थोडी झाली.

कारखान्यांस आम्ही काय सांगणार? तरी इतके सुचवावेसे वाटते की, नवरा-बायको दोघेही कामावर असतील तर महिन्यातून दोन वेळा तरी त्यांची सुटी एका दिवशी पडावी. पाळ्यांचा तक्ता लिहिणाऱ्याला अर्धा तास जास्त लागेल इतकेच. घरातील वाटणी मात्र आपल्याच हातात आहे. आठवीतला मुलगा भाकरी थापू शकत नसेल, पण तांदूळ निवडू शकतो, पाणी भरू शकतो, धाकट्या भावंडास शाळेत नेऊ शकतो. बहिणीने ते करावे व भावाने अभ्यास करावा, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. परीक्षा दोघांचीही एकाच दिवशी असते.

विद्यार्थ्यांनी या सुटीत एक काम करावे. एका मोठ्या कागदावर घरातील प्रत्येक माणसासाठी एक रकाना आखावा, डाव्या बाजूस पहाटे चारपासून चोवीस तास मांडावेत आणि सलग सात दिवस ज्याचे त्याचे काम त्या त्या घरात लिहावे. झोप, प्रवास, कारखाना, शाळा, स्वयंपाक, खेळ, नुसते बसणे, सर्व लिहावे. काही वगळू नये. वडिलांचा व स्वतःचा रकाना सहज भरेल. आईच्या रकान्यात एकाच तासात दोन-तीन कामे लिहावी लागतील, म्हणून तो आखतानाच दुप्पट रुंद ठेवावा.