तोरादोरा : नावावर जाऊ नका, बघा!

शाळेतली प्रेमकथा म्हटली की आपल्याला मिलिंद बोकीलांची 'शाळा' आठवते. तशीच कोवळी, पण समजूतदार गोष्ट जपानी अ‍ॅनिमेमध्येही आहे, हे मला 'तोरादोरा'मुळे कळलं. नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाता-येता मालिका संपवली, शेवटचे भाग मात्र रात्री जागून!

थोडक्यात माहिती : ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९, एकूण २५ भाग. मूळ कथा युयुको ताकेमिया यांची, दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, पटकथा मारी ओकादा.

र्‍यूजी हा नायक दिसायला गुंड, पण स्वयंपाक आणि साफसफाईत आईच्या वरताण. नायिका ताइगा बुटकी आणि तापट. दोघांचं प्रेम एकमेकांच्या जिवलग मित्र-मैत्रिणीवर, म्हणून एकमेकांना मदत करायचा करार!

पहिल्याच भागात ती लाकडी तलवार घेऊन रात्री त्याच्यावर चाल करून येते आणि भुकेने कोसळते. तो काय करतो? फ्राइड राइस परततो. हसता हसता लक्षात येतं, ही पोरगी एकटी राहते, तिला जेवायला वाढणारं कुणी नाही.

इथेच मालिका वेगळी ठरते. र्‍यूजीला वडील नाहीत, म्हणून तो ताइगाला तिच्या वडिलांवर विश्वास ठेवायला लावतो. पुढे काय होतं ते सांगत नाही. पण चांगल्या हेतूनेही माणूस दुसऱ्याला दुखवतो, हे इतकं नेमकं क्वचितच दिसतं.

सुरुवातीचा आरडाओरडा सोसा. निम्म्यानंतर खरी मजा आहे.

तुमची आवडती अ‍ॅनिमे कोणती?