बीओएस
‘बी’ या अमेरिकन कंपनीने वैयक्तिक संगणकासाठी विकसित केलेली परिचालन प्रणाली. ॲपलचे माजी अधिकारी झां-ल्वी गासे यांनी ही कंपनी १९९० मध्ये स्थापन केली. जुन्या प्रणालींशी सुसंगत राहण्याचे बंधन नसल्याने बीओएसची रचना सर्वस्वी नव्याने करण्यात आली. कामाचे भाग पाडून ते एकाहून अधिक प्रक्रियकांवर एकाच वेळी चालविता येत. त्यामुळे ध्वनी व चलत्‌चित्रे हाताळण्यास ती विशेष अनुकूल होती. १९९६ मध्ये ॲपलने बी कंपनी विकत घेण्यासाठी वाटाघाटी केल्या. परंतु अखेरीस नेक्स्ट या कंपनीची निवड केली. १९९८ मध्ये बीओएस इंटेल प्रक्रियकांवर उपलब्ध झाली. तथापि उपयुक्त आज्ञावल्या थोड्या म्हणून ग्राहक मिळेनात आणि ग्राहक नाहीत म्हणून आज्ञावल्या लिहिल्या जाईनात. शिवाय बहुतेक संगणक विंडोज प्रणालीसहच विकले जात. २००१ मध्ये पाम कंपनीने बीची तांत्रिक मालमत्ता सु. १·१ कोटी डॉलरना घेतली. मायक्रोसॉफ्टने संगणक-उत्पादकांना बीओएसपासून परावृत्त केले, असा दावा बीने २००२ मध्ये दाखल केला; दोष मान्य न करता २·३२५ कोटी डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तो २००३ मध्ये मिटविला. बीओएसवरून प्रेरणा घेतलेली ‘हायकू’ ही मुक्त प्रणाली स्वयंसेवकांनी पुढे विकसित केली. नव्या प्रणालीचे भवितव्य तिच्या गुणवत्तेपेक्षा आज्ञावल्यांची विपुलता आणि विक्रीची व्यवस्था यांवर अधिक अवलंबून असते, हे बीओएसच्या इतिहासावरून दिसून येते.